उपासनेनंतरचे सहा दिवस

रविवारची उपासना संपते, शेवटचं गीत होतं, आशीर्वाद मिळतो, दारात चार जणांशी हसून बोलणं होतं. आणि तासाभरात घरातल्या कुणावर तरी आवाज चढलेला असतो. माझ्या बाबतीत हे इतक्या वेळा झालंय की आता घरच्यांनाही त्याचं नवल वाटत नाही.

हा लेख त्या तासापासून पुढच्या रविवारपर्यंतच्या दिवसांबद्दल आहे. तारण कृपेनं होतं, कर्मांनी नाही, हे तुम्ही ऐकलेलं असणार. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आठव्या-नवव्या वचनांत ते आहे. पण लगेच दहाव्या वचनात असंही आहे की, देवानं आधीच योजून ठेवलेल्या सत्कृत्यांसाठी आपल्याला निर्माण केलंय. बरेच जण नवव्या वचनापाशी थांबतात. इथलं सगळं दहाव्याबद्दल आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. विश्वास आचरणात येत नाही, कारण आपल्याला कमी माहीत असतं, असं मला वाटत नाही. आपल्याला हवं त्याहून जास्तच माहीत असतं. जे माहीत आहे त्यातलं एक, आजच्या आज, एका ठरावीक माणसाच्या बाबतीत करायचं, एवढंच राहून जातं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या एका गोष्टीसाठी आहेत.

पहिला आठवडा: फक्त जागा आणि वेळ

एका वर्षी मी ठरवलं होतं की रोज पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना करायची. चार दिवस टिकलं. चौथ्या दिवशी गुडघ्यांवरच झोप लागली, आणि जाग आली तेव्हा गालावर पवित्र शास्त्राच्या पानाची घडी उमटलेली होती. पाचव्या दिवशी उठलो नाही. पुढचे दोन महिने प्रार्थनाच केली नाही, कारण 'आपण शब्द मोडला' ही लाज प्रार्थनेच्या आड येत होती. मोठ्या संकल्पाचं हे असं होतं: तो मोडतो तेव्हा स्वतःबरोबर लहान सवयीही घेऊन जातो.

म्हणून पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं पुरेत. जागा एक ठरवा आणि बदलू नका. वेळ घड्याळाला बांधण्याऐवजी रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला बांधा: दात घासून झाल्यावर, मुलं शाळेला गेल्यावर, कामावर पोचून जागेवर बसल्यावर. फोन दुसऱ्या खोलीत. शास्त्र फोनवर वाचत असाल तर या आठवड्यापुरतं छापील घ्या. कारण वचन शोधायला उघडलेला फोन वचनावर थांबत नाही.

मार्काच्या पहिल्या अध्यायात येशू पहाटे, अजून अंधार असताना उठून एकांतात प्रार्थनेला जातो. पण त्याआधीची संध्याकाळ वाचा. सूर्य मावळल्यावर सगळं गाव दाराशी लोटलं होतं आणि तो आजाऱ्यांना बरं करत होता. प्रार्थनेतही त्याला फार वेळ मिळाला नाही. शिमोन आणि त्याचे सोबती शोधत आले आणि म्हणाले की सगळे तुला शोधताहेत. तुमच्या दहा मिनिटांत कुणी दार वाजवलं, तर प्रार्थना बिघडली असं समजू नका. उठा, दार उघडा, परत येऊन बसा.

या दहा मिनिटांत म्हणायचं काय? पहिल्या आठवड्यात फक्त येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना, सावकाश. एकेका ओळीशी थांबून. 'आमची रोजची भाकर' म्हणताना आजच्या दिवसाची गरज नाव घेऊन सांगायची. 'आमच्या ऋण्यांस' म्हणताना ज्याचा चेहरा समोर येतो तो येऊ द्यायचा, झटकायचा नाही. ख्रिस्ती मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळात 'दिदाखे' नावाची एक शिकवण-पुस्तिका होती. तिच्यात हीच प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितलंय.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला त्याच्या न्हाव्यानं, पेत्रानं, विचारलं होतं की प्रार्थना कशी करायची. ल्यूथरनं 1535 साली त्याला उत्तरादाखल छोटी पुस्तिकाच लिहून दिली. तिच्यात त्याला त्याच्याच धंद्यातला दाखला दिला: चांगल्या न्हाव्याचं मन आणि डोळे वस्तऱ्यावर आणि केसांवर असतात. तो गप्पांत रमला तर गिऱ्हाइकाचं नाक, तोंड, वेळप्रसंगी गळासुद्धा कापेल. प्रार्थनेतही लक्ष असंच हवं. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त भावते. एवढ्या विद्वान माणसानं न्हाव्याचा प्रश्न धुडकावला नाही, आणि उत्तर दिलं ते न्हाव्याच्या भाषेत.

दुसरा आणि तिसरा आठवडा: वाचन, पण चिठ्ठीसह

मार्काच्या शुभवर्तमानाचे सोळा अध्याय आहेत. रोज एक, सोळा दिवस. शास्त्राच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरुवात करून तिसऱ्यापाशी, लेवीयापाशी, अडकलेले किती जण मला ठाऊक आहेत! पुढे सवय लागली की नीतिसूत्रांचे 31 अध्याय महिन्याला एकदा होतात, आणि रोज पाच स्तोत्रं घेतली तर 150 स्तोत्रं तीस दिवसांत. मात्र 119वं स्तोत्र 176 वचनांचं आहे, त्या दिवशी घाईत बसू नका.

वाचताना एकच प्रश्न सोबत ठेवा: यात मला करायला काय सांगितलंय? प्रत्येक उताऱ्यात आज्ञा असेलच असं नाही. कुठे नुसती स्तुती असते, कुठे वंशावळ. पण जिथे असेल तिथे ती चिठ्ठीवर लिहायची. एका ओळीत, स्वतःच्या शब्दांत, आणि शक्यतो एका माणसाच्या नावासह. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात आरशाची उपमा आहे. वचन ऐकून तसं न वागणारा माणूस आरशात तोंड पाहतो आणि वळताच आपण कसे दिसत होतो ते विसरतो. चिठ्ठी ही त्या विसरण्यावरची साधी तजवीज आहे.

चिठ्ठी कशी असावी आणि कशी नसावी, ते माझ्याच जुन्या वहीतून दाखवतो. एका दिवशी मी लिहिलं होतं: 'सर्वांवर प्रेम करणे.' त्या दिवशी मी काहीही वेगळं केलं नाही. करण्यासारखं त्यात काही नव्हतंच. त्याच आठवड्यात दुसरी चिठ्ठी आहे: 'दुपारी जेवताना त्या नव्या मुलीच्या टेबलावर बसायचं.' हे मी केलं. ती तीन आठवडे एकटी जेवत होती. आमचं फार काही बोलणं झालं नाही, तिनं फक्त छपाईयंत्र कसं चालवायचं ते विचारलं. पण रोमकरांस पत्रातलं 'एकमेकांचा स्वीकार करा' हे वचन माझ्यासाठी तेव्हापासून त्या टेबलाचं झालंय.

ज्यांना थोडं खोलात जायचंय त्यांच्यासाठी: बाराव्या शतकातल्या दुसरा गिगो नावाच्या मठवासीनं वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या: वाचणं, मनन, प्रार्थना आणि शेवटी नुसतं देवापुढे स्वस्थ राहणं. चौथी पायरी घाईच्या माणसांना जड जाते. मलाही. दोन मिनिटांपासून सुरुवात करा.

महिनाभरानंतर: जीभ

इथून पुढे क्रम तुमच्या घराप्रमाणे बदला. मी जीभ आधी घेतो, कारण तिला पैसा लागत नाही, वेळ लागत नाही आणि परीक्षा दर अर्ध्या तासाला असते.

पहिलं काम: हो म्हटलं तर हो, नाही म्हटलं तर नाही. मत्तय पाच, वचन 37. हे वरवर शपथेबद्दल आहे, पण रोजच्या जगण्यात त्याचा अर्थ असा की 'पाच मिनिटांत पोचतो' असं घरातून न निघता म्हणायचं नाही. 'बघतो' हा शब्द नकारासाठी वापरायचा नाही. आठवडाभर हे पाळून बघा. आपण किती वेळा निरुपद्रवी खोटं बोलतो ते कळून मला स्वतःची शरमच वाटली होती.

सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी हे वचन अक्षरशः घेतलं. न्यायालयात शपथ घ्यायला नकार दिला आणि त्यापायी तुरुंगवास सोसला. दुकानदारीत त्यांनी घासाघीस सोडून सगळ्या गिऱ्हाइकांना एकच भाव लावला, कारण आधी फुगवून सांगायचं आणि मग उतरायचं म्हणजे पहिला आकडा खोटा ठरतो. सुरुवातीला लोक बिचकले. मग ध्यानात आलं की यांच्या दुकानात लहान मुलाला पाठवलं तरी फसवणूक होत नाही.

दुसरं काम जास्त अवघड आहे: प्रार्थनेच्या नावाखाली चालणारी चुगली. 'तिच्यासाठी प्रार्थना करा हं, नवऱ्याशी पटत नाही म्हणे.' हे वाक्य मी मंडळीत ऐकलंय आणि मी स्वतःही अशा तऱ्हेनं बोललोय. कसोटी सोपी आहे. ज्याच्यासाठी प्रार्थना मागतोय त्याला हे सांगितलेलं चालेल का? खात्री नसेल तर नाव आणि तपशील देवालाच सांगायचा. त्याला सगळं आधीच माहीत आहे, तिथून बातमी फुटायची भीती नाही.

आणि कुसळ-मुसळ. आपल्या भाषेत ही म्हणच होऊन बसलीय, म्हणून तिची धार गेलीय. येशू असं म्हणत नाही की दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ तिथेच राहू द्या. आधी आपलं मुसळ काढा, मग कुसळ काढायला नीट दिसेल, असं तो म्हणतो. कुणाला चूक दाखवायची असेल तर आधी त्याच बाबतीत आपण कुठे चुकतो ते कागदावर लिहा. निम्म्या वेळा बोलायची गरजच उरत नाही. उरली तर आवाज खाली आलेला असतो.

काम

कलस्सैकरांस पत्रातलं तिसऱ्या अध्यायाचं 23वं वचन कामाच्या टेबलावर चिकटवलेलं पुष्कळ ठिकाणी दिसतं: जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. ते मुळात कुणाला लिहिलं होतं हे मात्र विसरलं जातं. ते दासांना लिहिलेलं आहे. ज्यांना कामाची निवड नव्हती, पगार नव्हता, कौतुक नव्हतं. त्यामुळे मालकानं हे वचन नोकराला ऐकवणं मला बरं वाटत नाही. मालकासाठी पुढच्याच अध्यायाचं पहिलं वचन आहे: दासांना न्यायानं आणि समतेनं वागवा, कारण तुमचाही एक धनी स्वर्गात आहे.

रोजच्या व्यवहारात हे असं उतरतं. कुणी बघत नसताना होणाऱ्या कामातलं एक निवडा आणि ते महिनाभर चोख करा. संत बेनेडिक्टनं सहाव्या शतकात मठासाठी नियम लिहिले. त्यांत कोठार सांभाळणाऱ्याला सांगितलंय की मठातली सगळी भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी समज. फरशी पुसायचं फडकंही त्यात आलं. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठातले ब्रदर लॉरेन्स आयुष्याची बरीच वर्षं स्वयंपाकघरात राबले, आणि नंतर मठवासींच्या चपला दुरुस्त करत. त्यांना स्वयंपाकाची मुळीच आवड नव्हती. तरी भांड्यांच्या खडखडाटात त्यांनी देवाशी मनातल्या मनात बोलत राहण्याची सवय लावून घेतली. त्यासाठी लांब प्रार्थना लागत नाही. येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराची 'हे देवा, मज पाप्यावर दया कर' एवढी ओळ जिना चढताना, रांगेत उभं असताना पुरते.

तुमच्या हाताखाली कुणी काम करत असेल, घरात झाडलोट करणारी बाई असली तरी, तर शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 24वा अध्याय उघडा. पंधराव्या वचनात आहे की मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्याकडे लागलेला असतो. आता इफिसकरांस चौथ्या अध्यायातलं 26वं वचन त्याच्या शेजारी ठेवा: तुमचा राग मावळेपर्यंत सूर्य मावळू देऊ नका. सूर्यास्ताआधी चुकती करायची अशी ही दोन देणी. रागाचं आपण पाठ केलंय. मजुरीचं 'सुटे नाहीत, उद्या ने' म्हणून पुढे ढकलतो.

पैसा

दशमांश द्यावा की नाही, किती, कुठे, यावर वाद घालण्यात माणसं वर्षं घालवतात. मी सांगेन, आधी एक महिना खर्च लिहा. काही बदलू नका, फक्त लिहा. महिन्याअखेर ती वही देवापुढे उघडी ठेवून प्रार्थना करा. येशूनं म्हटलंय की जिथे तुमचं धन तिथे तुमचं मन. आपलं मन कुठे आहे ते या वहीत आपल्याच अक्षरात लिहिलेलं असतं.

मग पहिलं करिंथकरांस, 16वा अध्याय, दुसरं वचन. पौल सांगतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं. यातला 'बाजूला' हा शब्द कामाचा आहे. खर्च होऊन उरलेलं द्यायचं नाही, हाती येताच वेगळं काढायचं, मग ते कितीही थोडं असो.

अठराव्या शतकातला इंग्लिश प्रवचनकार जॉन वेस्ली यानं एका प्रवचनात ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाचा हिशेब सांगितला होता. तो तरुण वेस्लीच, असं बहुतेक मानतात. पहिल्या वर्षी मिळकत 30 पौंड, 28 मध्ये भागवलं, 2 दिले. दुसऱ्या वर्षी मिळकत 60 झाली, तरी खर्च 28च, 32 दिले. तिसऱ्या वर्षी 90, दिले 62. चौथ्या वर्षी 120, दिले 92. हे जसंच्या तसं करा असं मी म्हणत नाही. घरात लहान मुलं आणि आजारी माणसं असताना ते जमतही नाही. पण त्यातला प्रश्न घ्या: पगार वाढला की राहणीमान आपोआप वाढतं, ते 'आपोआप' थांबवता येईल का? पुढची वाढ होईल तेव्हा तिच्यातला ठरावीक भाग आधीच वेगळा लिहून ठेवा, ती हाती येण्याच्या आत. आली की सुचत नाही.

देणं गुपचूप करायचं, डाव्या हाताला कळू न देता, हे मत्तय सहामध्ये आहे. आणि उसने घेतलेले पैसे आधी परत करायचे. दान देऊन ज्याचं देणं लागतो त्याला टाळणं मला विश्वासाचं लक्षण वाटत नाही. जकातदार जक्कय येशूला भेटला तेव्हा त्यानं निम्मी मालमत्ता गरिबांना द्यायचं म्हटलं, आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करायचं. दोन्ही गोष्टी एकाच दमात.

माफी मागणं आणि माफ करणं

इथे जरा जास्त थांबावं लागेल, कारण बाकी सगळं करून माणूस इथे येऊन अडखळतो.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की तू वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग येऊन अर्पण कर. नीट वाचा: तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध, असं नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध. म्हणजे चूक ज्याची झाली त्यानं उठून जायचंय.

माफी मागायची तर कशी? माझी एक फसलेली माफी देतो. कामातल्या एका सहकाऱ्याला मी सगळ्यांसमोर टाकून बोललो होतो. दोन दिवसांनी लिहिलं: 'परवा तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. पण त्या दिवशी माझ्यावरही खूप ताण होता, आणि ते काम तू वेळेवर द्यायला हवं होतंस.' त्याचं उत्तर आलं, 'ठीक आहे.' ठीक नव्हतं. दोन महिने आमचं बोलणं कामापुरतंच चाललं. मग एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी भाकर हातात असताना तोच आठवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलाशी जाऊन म्हणालो, 'त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुझा अपमान केला. ते चूक होतं. नंतर जी माफी मागितली तिच्यातही मी तुलाच दोष दिला. मला क्षमा कर.' तो लगेच काही बोलला नाही. खुर्ची थोडी मागे सरकवून म्हणाला, 'बस.'

पहिल्या माफीत काय चुकलं ते पाहा. 'वाईट वाटलं असेल तर' यात चूक त्याच्या वाटण्याची झाली. 'पण' आल्यावर त्याआधीचं सगळं पुसलं गेलं. आणि सगळ्यांसमोर केलेला अपमान खासगी निरोपानं मिटवायला निघालो होतो. माफी मागताना काय केलं ते नाव घेऊन सांगायचं, ते चूक होतं म्हणायचं, नुकसान भरून देता येत असेल तर द्यायचं आणि गप्प बसायचं. पौल फिलेमोनाला लिहितो की तुझ्या दासाचं, अनेसिमाचं, तुला काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, हे मी स्वहस्ते लिहितोय. समेटात असा हिशेबही असतो. समोरच्यानं तिथल्या तिथे क्षमा करावी असा हट्ट मात्र करू नका. तो त्याचा अधिकार आहे.

आता दुसरी बाजू. निर्दय दासाचा दाखला मत्तय 18मध्ये आहे. राजानं सोडलेलं कर्ज दहा हजार तालान्त. एक तालान्त म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवस. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. त्या दासानं सोबत्याची मान आवळली ती शंभर दिनारांसाठी. पण शंभर दिवसांची मजुरी काही थोडी नसते, हेही बघा. तीन महिन्यांहून जास्त कष्ट. येशू असं म्हणत नाही की तुमचं नुकसान क्षुल्लक आहे. नुकसान खरंच आहे, आणि तरीही तुम्हाला सोडलेल्या कर्जापुढे ते लहान आहे.

करायचं काय? ज्याला माफ करायचंय त्याचं नाव आणि त्यानं नेमकं काय केलं ते एका कागदावर लिहा. धूसर रागाला माफ करता येत नाही. मग प्रार्थनेत ते वाचा आणि म्हणा की याचा हिशेब मी सोडतोय. हे एकदा करून संपत नाही. येशूनं क्षमेबद्दल सांगितलेलं 'सत्तर वेळा सात' हे वेगवेगळ्या अपराधांबद्दल आहे असं मी समजत होतो. आता वाटतं की एकच अपराध चारशे नव्वद वेळा आठवतो, आणि दर वेळी नव्यानं सोडावा लागतो.

कोरी टेन बूम ही हॉलंडमधली घड्याळजी बाई. ज्यू लोकांना घरात लपवल्याबद्दल ती आणि तिची बहीण बेट्सी रावेन्सब्रुक छळछावणीत गेल्या. बेट्सी डिसेंबर 1944मध्ये तिथेच वारली. 1947 साली म्युनिकच्या एका चर्चमध्ये कोरी क्षमेवर बोलली. लोक निघाले, आणि त्याच छावणीतला एक पहारेकरी हात पुढे करून समोर आला. तिचा हात उठेना. तिनं नंतर सांगितलं की तिच्यात जराही क्षमा नव्हती. तिनं मनात येशूला म्हटलं, हात तेवढा मी उचलते, भावना तू दे. आणि लाकडासारखा हात पुढे केला. भावना नंतर आली. आधी भावना येईल, मग मी माफ करीन, असं म्हणत बसलेल्यांसाठी ही घटना महत्त्वाची आहे.

पण क्षमा म्हणजे पुन्हा विश्वास टाकणं नव्हे. पैसे बुडवणाऱ्याला माफ करून तिजोरीची किल्ली देऊ नये. घरात मारहाण होत असेल तर 'क्षमा कर आणि सहन कर' असा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका, तो पाळक असला तरी. आधी सुरक्षित जागी जा, विश्वासातल्या माणसाला आणि पोलिसांना सांगा. क्षमेला दूर राहूनही वेळ मिळतो.

मदत करताना

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला एक बारकावा प्रवचनांत सहसा निसटतो. त्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उताराशाळेत नेलं, रात्रभर सांभाळलं. दुसऱ्या दिवशी दोन दिनार उताराशाळेवाल्याला दिले, जास्त लागलं तर परत येताना देईन म्हणाला, आणि आपल्या वाटेनं गेला. त्यानं प्रवास सोडला नाही. जखमीला जन्मभर आपल्यावर अवलंबून ठेवलं नाही. शिवाय आणखी एका माणसाला या कामात घेतलं. सगळ्यांची सगळी मदत एकट्यानं करायला जाऊन थकलेल्या विश्वासी माणसांनी हा दाखला या नजरेनं पुन्हा वाचावा.

मात्र नुसतं 'प्रार्थना करतो' म्हणून पुढे जायचं नाही. अंगावर कपडा नसलेल्याला 'सुखानं जा, ऊब घ्या, पोटभर जेवा' म्हणण्याचा काय उपयोग, असं याकोब सरळच विचारतो. कुणाला 'प्रार्थना करतो' म्हटलंत तर तिथेच, त्याच्याबरोबर, अर्धा मिनिट करा. फोनवर असाल तर फोनवर. नाही तर ते राहून जातं.

रात्रीची पाच मिनिटं

जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला यानं सोळाव्या शतकात दिवसाची उजळणी करायची एक पद्धत सांगितली. तिच्यातल्या पाच गोष्टी अशा: आभार, देवाकडे प्रकाश मागणं, दिवस तासातासानं आठवणं, क्षमा मागणं, उद्यासाठी निश्चय. मी त्यातलं आभारप्रदर्शन बारीक करतो. 'दिवसाबद्दल आभार' असं नाही, तर 'दुपारी पाऊस आला तेव्हा छत्री देणाऱ्या त्या बाईबद्दल'. सकाळची चिठ्ठी इथे काढायची आणि तिच्यापुढे झालं किंवा नाही झालं एवढंच लिहायचं. नाही झालं तर कारणमीमांसा नको, दुसऱ्या दिवशी तीच चिठ्ठी. माझी एक चिठ्ठी सलग अकरा दिवस चालली होती. बहिणीला फोन करायचा होता.

एकट्यानं नाही

दोन-तीन महिन्यांत हे सगळं एकट्याच्या जिवावर ढिलं पडायला लागतं. एक माणूस शोधा, आठवड्यातून एकदा वीस मिनिटं. एकमेकांना तीनच प्रश्न: काय वाचलंस, काय केलंस, काय केलं नाहीस. सल्ले नकोत, सांगितलेलं तिसऱ्याकडे जायला नको. पती-पत्नीनं एकमेकांचे असे सोबती व्हावं की नाही, यावर मतं वेगळी आहेत. आमच्याकडे जमलं नाही, त्यातून जुनी भांडणंच उकरली जात.

विसाव्याचा दिवस ठेवा. रविवारी मंडळीच्या कामानं दमत असाल तर दुसरा अर्धा दिवस काढा. लेवीयात शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नये, कोपरे गरिबांसाठी सोडावेत असं आहे. मी वेळेचेही कोपरे सोडायला शिकतोय. सगळा दिवस कडेपर्यंत भरलेला असला की अचानक कुणाला आपली गरज पडली तर द्यायला काही उरत नाही.

मोडल्यावर

मोडणारच. चिठ्ठ्या लिहिणं बंद पडेल, तीन आठवडे शास्त्र उघडलं जाणार नाही, किंवा नेमकं तेच कराल जे सोडलं होतं. अशा वेळी योहानाचं शुभवर्तमान काढा. 18व्या अध्यायात पेत्र कोळशांच्या विस्तवाशी शेकत उभा असतो आणि येशूचा शिष्य असल्याचं एकूण तीनदा नाकारतो. 21व्या अध्यायात, रात्रभर जाळी टाकून काही न मिळालेला तोच पेत्र किनाऱ्यावर येतो, तर तिथेही कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी ठेवलेली. कोळशांच्या विस्तवासाठीचा तो ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. येशू आधी म्हणतो, या, न्याहारी करा. तीन प्रश्न तो त्यांचं खाऊन झाल्यावर विचारतो.

म्हणून परत सुरू करताना आधी थकबाकी मोजू नका, हुकलेले अध्याय भरून काढायला जाऊ नका. त्याच जागी बसा, दहा मिनिटं, प्रभूची प्रार्थना. मग जुन्या वहीतली शेवटची चिठ्ठी शोधा. तिच्यावर बहुतेक कुणाचं तरी नाव असेल.